स्पूल टेपरेकॉर्डरचं फेल्ट पॅड: का झिजतं आणि कसं बदलायचं

माळ्यावरचा स्पूल टेपरेकॉर्डर खाली काढला की बहुतेक घरांत गोष्टी एकाच क्रमाने घडतात. आतल्या रबरी बेल्टचा चिकट लगदा झालेला असतो, तो बदलला जातो. टेप दाबून पुढे नेणारं रबरी चाक, म्हणजे पिंच रोलर, पुसला जातो. मोटर फिरते, स्पूल फिरतं, आवाजही येतो; पण तो तोंडावर गोधडी घेऊन कुणी गावं तसा. गाणाऱ्याचा षड्ज कळतो, पण तानपुऱ्याची जवारी ऐकू येत नाही. तबल्याची चाट बोथट, शब्दांतले स आणि श पुसट. मेकॅनिक ऐकतो आणि सांगतो, ‘हेड गेलंय.’ साठ वर्षांपूर्वीच्या यंत्राचं हेड आता कुठून आणायचं? यंत्र परत माळ्यावर जातं.

हेड, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणारा भाग, गेलेलं असूही शकतं. पण तसं ठरवण्याआधी हेडच्या समोर काय आहे ते बघावं. बऱ्याच घरगुती यंत्रांत तिथे एक धातूची पट्टी किंवा छोटा दांडा असतो आणि त्याच्या टोकाला करंगळीच्या नखाएवढा लोकरीच्या फेल्टचा तुकडा चिकटवलेला असतो. यंत्र चालू केलं की पट्टी पुढे येते आणि फेल्ट टेपला मागून हेडवर दाबतं. त्याला प्रेशर पॅड म्हणतात. यंत्रातली ही सगळ्यात स्वस्त वस्तू, आणि माझ्या मते ट्रेबल, म्हणजे वरचे बारीक स्वर, गेलेल्या यंत्रात पहिला संशय हिच्यावरच घ्यायला हवा. बदलायला पैसे जवळजवळ लागत नाहीत. नजर मात्र लागते, आणि घाई केलेली चालत नाही.

पॅड लागतंच कशाला?

टेपवर लोहाच्या ऑक्साइडचा पातळ थर असतो. त्या थरात आवाज चुंबकीय रूपात साठवलेला असतो. हेड म्हणजे एक बारीक विद्युतचुंबक, आणि त्याच्या तोंडाशी काही मायक्रॉनांची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) एक फट असते. टेप त्या फटीवरून सरकते तेव्हा तिच्यावरचं चुंबकत्व हेडच्या गाभ्यात शिरतं, तारेच्या वेटोळ्यात क्षीण वीज तयार होते आणि ती वाढवून स्पीकरला दिली जाते. यासाठी टेप हेडच्या जवळून जाऊन भागत नाही. ती हेडला टेकूनच जायला हवी.

टेकवायचे मार्ग दोन. पहिला ताणाचा. टेप मागून हलकी ओढून धरायची आणि हेडला किंचित वळसा देऊन न्यायची, म्हणजे ती आपसूक हेडवर बसते. स्टुडिओतल्या अँपेक्स आणि स्टुडर यंत्रांत हीच पद्धत. १९६७ मध्ये आलेल्या रेव्हॉक्स ए ७७ मध्येही तीन मोटरी आहेत: एक कॅपस्टन (टेप पुढे सरकवणारा दांडा) फिरवायला आणि दोन्ही स्पूलांना एकेक. टेप सोडणाऱ्या स्पूलाची मोटर पूर्ण वेळ उलट्या दिशेने हलकं ओढत राहते. अशा यंत्राला पॅडची गरज नाही.

पण तीन मोटरी म्हणजे वजन आणि पैसा. ग्रुंडिगची टीके मालिका, फिलिप्सची घरगुती यंत्रं, अमेरिकेतलं वॉलेनसॅक टी १५०० ही सगळी एका मोटरवर चालतात. बाकीचं काम बेल्ट, रबरी चाकं आणि घसरते क्लच यांच्याकडे. घसरत्या क्लचची ओढ एकसारखी राहत नाही. स्पूल भरलेलं असतं तेव्हा टेप मोठ्या वर्तुळावरून सुटते, संपत आलं की लहान वर्तुळावरून. क्लचचा जोर तोच, पण टेपवरचा ताण वाढत जातो. लहान गाभ्याच्या ७ इंची स्पूलात सुरुवात आणि शेवट यांत जवळजवळ तिपटीचा फरक पडतो. एवढ्या बदलत्या ताणावर टेप टेकवण्याचं काम सोपवता येत नाही. म्हणून कारखान्यांनी दुसरा मार्ग धरला: मागून फेल्ट लावून दाबा. पॅडच्या घर्षणामुळे थोडा स्थिर ताणही मिळतो आणि टेपची बारीक थरथर दबते, हा वरचा फायदा.

कॅसेट उघडून पाहिलेल्या कुणालाही हे पॅड ओळखीचं वाटेल. १९६३ मध्ये फिलिप्सने आणलेल्या कॅसेटच्या पुढच्या बाजूला मधोमध तांबूस पातळ स्प्रिंग असते आणि तिच्यावर फेल्टचा तुकडा. काम तेच. फरक एवढाच की कॅसेटमधलं पॅड कॅसेटबरोबर येतं आणि तिच्याबरोबरच जातं. शंभर कॅसेटी वाजवल्या तर झीज शंभर पॅडांत वाटली जाते. स्पूलच्या यंत्रात मात्र घरातली यच्चयावत टेप त्याच एका तुकड्यावरून जाते. तो झिजलेला आढळला तर आश्चर्य नाही. कारखान्यातून आलेला तसाच्या तसा अजून टिकला असेल तर ते नवल. (नाकामिचीच्या कॅसेट डेकमध्ये हेडजवळ एक चिमुकला अडसर असतो, तो कॅसेटचं पॅड मागे ढकलून ठेवतो. ताण नेमका ठेवता येत असेल तर पॅड नको, हा स्टुडिओचा विचार त्यांनी कॅसेटमध्ये आणला.)

एका मायक्रॉनचा हिशोब

थोडंसं अंतर पडलं तर एवढं बिघडतं काय? इथे गणित केल्याशिवाय खरं वाटत नाही.

घरगुती यंत्राचा एक नेहमीचा वेग सेकंदाला ९.५३ सेंटिमीटर. समजा २०० हर्ट्झचा स्वर मुद्रित केला, म्हणजे पुरुषी आवाजाच्या मध्य सप्तकाच्या आसपासचा. एका सेकंदात ९.५३ सेंटिमीटर टेपवर २०० लाटा बसल्या, म्हणजे एक लाट साधारण अर्ध्या मिलिमीटरची. आता १०,००० हर्ट्झ घ्या. जवारीचा किणकिणाट, चाटेचा टणत्कार, ‘स’ची शीळ या वस्तीत किंवा तिच्या आसपास राहतात. तेवढ्याच टेपवर १०,००० लाटा बसवायच्या, म्हणून एक लाट फक्त साडेनऊ मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.

१९५१ मध्ये बेल प्रयोगशाळेच्या आर. एल. वॉलेस यांनी टेप आणि हेड यांच्यातल्या अंतराचा हिशोब मांडला. तो सोपा आहे. अंतराला लाटेच्या लांबीने भागा आणि ५४.६ ने गुणा. तेवढे डेसिबल हरवले. टेप हेडपासून फक्त १ मायक्रॉन सुटली असं धरू. २०० हर्ट्झला नुकसान ०.१ डेसिबल, कुणालाच कळणार नाही. १०,००० हर्ट्झला ५.७ डेसिबल, म्हणजे संकेत जवळपास निम्मा. अंतर ३ मायक्रॉन झालं तर १७ डेसिबल, संकेत सातव्या हिश्श्यावर. खर्ज मात्र जागच्या जागी.

गोधडीतल्या आवाजाचं कोडं इथे सुटतं. पॅड झिजलं म्हणून सगळा आवाज सारखा कमी होत नाही. वरचा भाग कापला जातो आणि खालचा तसाच राहतो. त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं की स्पीकर फाटलाय, कपॅसिटर गेलाय, टेपच जुनी झालीय.

वेग जितका कमी तितकी लाट आखूड आणि नुकसान जास्त. सेकंदाला १९.०५ सेंटिमीटर वेगाला १ मायक्रॉन अंतराचं नुकसान ३ डेसिबलच्याही आत राहतं, ४.७६ सेंटिमीटरला तेच साडेअकरापर्यंत जातं. तुमच्या यंत्रात वरच्या वेगाची टेप बरी वाजते आणि खालच्या वेगाची अगदीच मिटलेली, असं होत असेल तर संशयाची सुई पॅडकडे, नाहीतर हेडवर बसलेल्या मळाकडे वळवा. मळही अंतरच निर्माण करतो. तपकिरी पुटाचा १ मायक्रॉन आणि हवेचा १ मायक्रॉन यांत हेडला फरक वाटत नाही.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो. मुद्रण करतानाही टेप टेकलेली असावी लागते. तेव्हाच पॅड झिजलेलं होतं तर वरचे स्वर टेपवर धड उतरलेच नाहीत. आज नवं पॅड लावून ते परत येणार नाहीत. म्हणून निदान करायचं तर चांगली मुद्रित झालेली, शक्यतो विकत घेतलेली टेप वापरावी. घरच्या एका टेपवरून निकाल देऊ नये.

फेल्टचं नेमकं होतं काय

सरळ झीज होते, हे उघड आहे. पण त्याहून जास्त वेळा ते कडक होतं. टेपवरून सुटलेलं ऑक्साइड, धूळ, जुन्या जोडांचा चिकटा असं सगळं फेल्टमध्ये मुरतं, टेपच्या घासण्याने वर चकचकीत पापुद्रा धरतो आणि पॅडला टेपच्या रुंदीची खाच पडते. आपल्याकडे तुटलेल्या टेपा सेलोटेपने जोडायची फार सवय होती. सेलोटेपचा गोंद कडेने बाहेर येतो आणि प्रत्येक फेरीला थोडा थोडा पॅडवर बसतो. अशा पॅडवरून टेप एकसारखी सरकत नाही. क्षणभर अडकते, सुटते, पुन्हा अडकते, आणि हे सेकंदाला शेकडो वेळा घडतं. कानाला त्याची चिरकी किंचाळी ऐकू येते, कधी गाण्यात एक खरखरीत कंप मिसळतो.

पावसाळी हवेत बुरशी धरते. आणि फेल्ट अस्सल लोकरीचं असल्यामुळे त्याला कसर लागते. शालीला लागते तशीच. कधी पॅड शाबूत असतं पण मागचा गोंद सुकून ते गळून पडलेलं असतं. यंत्राच्या तळाशी धुळीत एक पांढरट चौकोनी तुकडा सापडला तर फेकू नका, माप घ्यायला तो उपयोगी पडतो.

पॅड एकच असतं असंही नाही. बऱ्याच यंत्रांत जुनं मुद्रण पुसणाऱ्या वेगळ्या हेडसमोर दुसरं असतं. ते ढिलं झालं की नव्या मुद्रणामागे जुनं मुद्रण पुसट ऐकू येतं. काही यंत्रांत हेडच्या आधीच्या खुंटीवर तिसरं फेल्ट असतं, ते निव्वळ ताणासाठी. स्पूलांच्या खाली क्लचमध्ये आणि ब्रेकवरही फेल्ट असू शकतं, पण ती वेगळी कामं आहेत आणि त्यांची झीज वेगळी लक्षणं दाखवते. त्यांना या दुरुस्तीत हात लावायचं कारण नाही. तेल मात्र त्यांच्यापासून लांब ठेवा.

आधी खात्री

हेड स्वच्छ करा. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा, हेडच्या तोंडावरून टेप जाते त्या दिशेने, बोळ्याला तपकिरी डाग येणं थांबेपर्यंत. मग टेप लावा. आवाज चालू असताना लाकडी काडीने (स्क्रू ड्रायव्हरने नाही, तो चुंबकित असू शकतो) पॅडच्या पाठीवर अगदी हलका दाब द्या. ट्रेबल झटकन परत आला तर निदान झालं. काहीच फरक पडला नाही तर हेडची झीज, हेडचा कल किंवा पुढचं इलेक्ट्रॉनिक्स बघावं लागेल. नखाने हेडच्या तोंडावर स्पष्ट खाच जाणवत असेल तर नुसत्या पॅडने काम होणार नाही.

स्टीरिओ यंत्रात एकच बाजू मिटलेली असते तेव्हा टेप उलटवून लावा. दुसऱ्या बाजूचं मुद्रणही त्याच स्पीकरमधून दबकं येत असेल तर दोष यंत्रात आहे, टेपमध्ये नाही. चार ट्रॅकच्या यंत्रात ६.३५ मिलिमीटर रुंदीच्या टेपवर एकेका ट्रॅकला, म्हणजे मुद्रणाच्या समांतर पट्ट्याला, जेमतेम १ मिलिमीटर मिळतो आणि पहिला ट्रॅक अगदी वरच्या काठाशी असतो. पॅड जरासं तिरकं झिजलं तर आधी तोच सुटतो.

फेल्ट कुठलं घ्यायचं

इथे बहुतेकांचं चुकतं. शाळेच्या प्रकल्पांसाठी रंगीत फेल्ट मिळतं ते कृत्रिम धाग्याचं असतं: भुसभुशीत, लगेच दबणारं, तंतू सोडणारं. पॅडला लोकरीचं, दाबून घट्ट केलेलं, पांढरं किंवा राखाडी फेल्ट लागतं. ओळखायला एक तुकडा चिमट्यात धरून पेटवा. लोकर जळक्या केसांचा वास देते आणि तिची राख चुरगळते. कृत्रिम धागा वितळून कडक मणी होतो. चिमटीत धरून ओढल्यावर तंतू सहज निघत असतील तर लोकरीचं असूनही ते घेऊ नका. सुटलेला प्रत्येक तंतू टेप आणि हेड यांच्यामध्ये जाऊन बसू शकतो, आणि मायक्रॉनचा हिशोब आपण वर केलाच आहे.

पियानो दुरुस्त करणाऱ्यांकडे उत्तम फेल्ट असतं. हार्मोनियमच्या पट्ट्यांखालीही फेल्ट घालतात, म्हणून पुण्या-मुंबईत किंवा मिरजेसारख्या वाद्यांच्या गावात हार्मोनियमवाल्याकडे चौकशी करायला हरकत नाही. तळहाताएवढा तुकडा कित्येक यंत्रांना पुरतो. ते कितपत घट्ट आहे हे मात्र हाताने पाहूनच घ्या.

मेलेल्या कॅसेटमधलं पॅड काढून लावायची युक्ती बरीच चालते. कॅसेटच्या टेपची रुंदी ३.८१ मिलिमीटर, आपल्याला दाबायची आहे ६.३५ची. मधला पट्टा दबेल, कडा सुटतील. अर्ध्या ट्रॅकच्या मोनो यंत्रात वेळ मारून नेता येते, चार ट्रॅकमध्ये पहिला ट्रॅक गेलाच म्हणून समजा.

जाडी हा सगळ्यात नाजूक भाग. जुनं पॅड दबलेलं असल्यामुळे त्याच्या मध्यावर माप घेऊन काही कळत नाही. टेपच्या वर-खाली राहिलेल्या, न झिजलेल्या कडा बघा. मूळ जाडी तिथे शिल्लक असते. पुसणाऱ्या हेडचं पॅड कमी झिजलेलं असेल तर तेही बघा, पण दोन्ही मुळात सारखी होती असं गृहीत धरू नका. फेल्ट पातळ निघालं तर पट्टी पुढे येऊनही दाब पडत नाही. जाड निघालं तर पट्टी पूर्ण बसत नाही, पॅड तिरकं टेकतं, आणि यंत्र थांबवल्यावरही ते टेपपासून सुटत नाही. मग टेप वेगाने गुंडाळताना सारखी घासत राहते आणि नवं पॅड लवकरच संपतं.

प्रत्यक्ष काम

आधी प्लग भिंतीतून काढा. व्हॉल्व्हच्या यंत्रात २५० ते ३०० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ ते साठून राहतात. पॅडसाठी सहसा फक्त हेडवरचं झाकण काढावं लागतं, आतल्या चासिसला हात लावायची वेळ येत नाही. ती आणूही नये.

फोटो काढा. जवळून, वरून, बाजूने. पॅड पट्टीच्या कुठल्या टोकाशी होतं, किती पुढे होतं हे काढून टाकल्यावर आठवत नाही.

हेडवर कागदाचा तुकडा लावून मगच जुनं पॅड खरवडा, म्हणजे चुरा हेडवर पडणार नाही. जुन्या गोंदावर अल्कोहोलचा एखादा थेंब, थोडा वेळ, मग दात कोरायच्या काडीने. पट्टी पातळ आणि लवचिक असते, तिच्यावर जोर टाकला की वाकते, आणि वाकलेली पट्टी सरळ करणं हे पॅड बदलण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे. म्हणून पट्टीला मागून बोटाचा आधार द्या. धातू लख्ख निघेपर्यंत पुसा. जुन्या गोंदाचा उंचवटा राहिला तर नवं पॅड तिरकं बसेल.

नवं पॅड नव्या ब्लेडने, पोलादी पट्टी घट्ट दाबून, एका ओढीत कापा. कात्रीने कड तिरपी येते. उंची टेपच्या रुंदीएवढी किंवा जराशी जास्त ठेवा, पण टेपला वर-खाली धरणाऱ्या गाइडला पॅड लागता कामा नये. कापल्यावर कडेचे सुटे तंतू चिकटपट्टीवर दाबून उचलून घ्या.

गोंदाच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे: साधा पांढरा फेविकॉल, आणि तोही काडीच्या टोकाएवढा, धातूवर, फेल्टवर नाही. सुपरग्लू फेल्टमध्ये शोषला जातो आणि पॅडचा दगड होतो. तो दगड मग हेड घासायला बसतो. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप सोपी वाटते, पण गरम झालेल्या यंत्रात तिचा गोंद पाझरतो. रबरी काँटॅक्ट गोंद चालतो, थर अगदी पातळ हवा. पांढऱ्या फेविकॉलचा मोठा गुण म्हणजे मनासारखं बसलं नाही तर पाण्याने सुटतो. रात्रभर सुकू द्या, पॅड हेडपासून लांब ठेवून.

बसलं का नीट?

टेप न लावता यंत्र प्लेच्या स्थितीत आणा आणि बाजूने, मागे दिवा धरून बघा. पॅडचं तोंड हेडच्या तोंडाला समांतर हवं, वर किंवा खाली प्रकाशाची फट दिसता कामा नये. दाबाचा मध्य हेडच्या फटीवर यायला हवा. फट बारीक उभ्या रेघेसारखी दिसते, भिंग लागेल. मग स्टॉप करा. पॅड मागे सरून स्पष्ट अंतर दिसायला हवं.

यापुढची एक सोपी चाचणी आहे. हेडच्या तोंडावर मार्करने पातळ रंग द्या आणि नको असलेली टेप थोडा वेळ चालवा. जिथे टेप टेकते तिथला रंग घासून जातो. घासलेला पट्टा टेपच्या पूर्ण रुंदीचा, वर-खाली सारखा आणि फटीच्या दोन्ही बाजूंना असेल तर काम जमलं. पाचरीसारखा निमुळता पट्टा दिसला तर पॅड तिरकं आहे. उरलेला रंग अल्कोहोलने पुसून टाका.

आणि दाब वाढवण्याचा मोह आवरा. ट्रेबल परत आल्यावर पट्टी अजून थोडी वाकवली तर अजून परत येईल असं वाटतं. टेप एकदा टेकली की पुढचा दाब फक्त घर्षण वाढवतो. पर्मलॉय या मऊ मिश्रधातूची हेडं त्याने भराभर झिजतात, कॅपस्टनवर भार पडतो, सूर हलायला लागतो. लांब स्वर ऐकून हे लगेच कळतं. सतार किंवा तबल्यापेक्षा बासरीची, शहनाईची टेप यासाठी बरी. यंत्राचं सर्व्हिस मॅन्युअल मिळालं तर त्यात दाब किती ग्रॅम हवा ते दिलेलं असू शकतं, आणि तो बारीक काट्याच्या गेजने मोजता येतो. मॅन्युअल नसेल तर ज्या कमीत कमी दाबाला ट्रेबल स्थिर राहतो तिथे थांबा.

पॅड काढूनच टाका, हेड वाचेल, असा सल्ला हौशी मंडळींमध्ये फिरतो. ताण सांभाळणाऱ्या तीन मोटरींच्या यंत्राच्या बाबतीत तो ठीक आहे, पण तिथे मुळात पॅड नसतंच. एका मोटरच्या यंत्रातून पॅड काढलं तर स्पूलाच्या शेवटी आवाज बरा येतो आणि सुरुवातीला मिटलेला. कारण वर सांगितलेला बदलता ताण. अशा यंत्राचं पॅड जपून वापरावं आणि वेळेवर बदलावं, एवढंच.

जपून वापरणं म्हणजे काय? प्रत्येक टेपनंतर नाही तरी थोड्या थोड्या टेपांनंतर पॅडकडे एक नजर. तपकिरी पुट असेल तर कोरड्या, मऊ ब्रशने झाडायचं. चकचकीत झालं असेल तर सुईच्या टोकाने वरचा पापुद्रा हलका उकरायचा. हा तात्पुरता इलाज आहे, पण एका टेपेपुरता उपयोगी पडतो. यंत्र ठेवून देताना प्लेच्या स्थितीत सोडायचं नाही, नाहीतर पॅडला आणि पिंच रोलरला दोघांनाही खड्डा पडतो.

नवं पॅड बसल्याबरोबर घरातली सगळ्यात मोलाची टेप लावायची घाई मात्र करू नका. पन्नास-साठच्या दशकांत आपल्याकडे कितीतरी रसिकांनी घरगुती मैफली स्पूलांवर टिपून ठेवल्या. त्यांतल्या काहींची दुसरी प्रत कुठेच नाही. त्या काळातली टेप ॲसिटेट या जुन्या प्लास्टिकची असू शकते. स्पूल दिव्यासमोर आडवं धरलं आणि गुंडाळीतून उजेड आरपार आला तर ती ॲसिटेटची. वय झालेली ॲसिटेट ठिसूळ असते, पॅड किंचित जास्त दाबत असेल तरी तुटते. उलट, सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून पुढच्या काही पॉलिएस्टर टेपांमधला ऑक्साइड धरून ठेवणारा पदार्थ ओलावा शोषून चिकट होतो. अशी टेप किंचाळते, हेड आणि पॅड दोन्ही काही मिनिटांत तपकिरी चिकट्याने माखून टाकते, आणि तुम्हाला वाटतं नवं पॅड बिघडलं. तशी टेप लगेच थांबवा. नियंत्रित उष्णतेत ती तात्पुरती बरी करता येते, पण ते काम त्यातल्या जाणकाराकडे द्यावं; घरच्या ओव्हनचा तापमानकाटा त्या भरवशाचा नसतो.

तर आधी एखादी बिनमोलाची टेप पूर्ण चालवा, दोन्ही बाजू. मध्ये थांबवून पॅड बघा, हेड बघा. टेपच्या कडा दुमडत नाहीत ना, गुंडाळी सपाट येते ना, ते बघा. मग मैफलीची टेप लावा, आणि ती वाजत असतानाच संगणकावर उतरवून घ्या, कारण जुनी टेप दुसऱ्यांदा तशीच वाजेल याची हमी नसते. पहिल्यांदा प्ले दाबायच्या आधीच मुद्रणाची पातळी बिनमोलाच्या टेपवर जुळवून ठेवा.